एका डोळ्याचा सर्जन १० हजार मैल फिरला, आणि फुप्फुस बदलणाऱ्या पेशंटचा मोठा धोका कळायची सुरुवात झाली

फुप्फुस बदलायचं ऑपरेशन ठरलं की आधी तपासण्यांची लांबलचक यादी निघते. रक्तगट, एचआयव्ही, कावीळ, टीबी. यातल्या इन्फेक्शनच्या तपासण्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

पण या यादीत एक तपासणी अशी आहे की तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टर जास्त सावध होतात. तिचं नाव ईबीव्ही, म्हणजे एपस्टीन-बार व्हायरस. हा विषाणू पेशंटच्या शरीरात आजवर आलेलाच नाही, असं हा निगेटिव्ह रिपोर्ट सांगतो. आणि पेशंट तरुण असेल, त्याला सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात आजार असेल, तर हीच काळजीची बातमी ठरते.

आता तुम्ही म्हणाल, जे इन्फेक्शन झालंच नाही त्याची भीती कशाला?

हे समजून घ्यायचं तर हॉस्पिटलमधून बाहेर पडून थेट १९५० च्या दशकातल्या युगांडात जावं लागेल. तिथे एक सर्जन होता, एका डोळ्याने अधू. त्याचं नाव डेनिस बर्किट.

वडील पक्ष्यांचे नकाशे काढायचे

डेनिस बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ चा. गाव एनिस्किलन, आजच्या उत्तर आयर्लंडमधलं. वडील जेम्स बर्किट हे जिल्ह्याचे सर्व्हेयर, म्हणजे रस्ते आणि पूल बघणारे सरकारी इंजिनियर. पण त्यांना नाद होता पक्ष्यांचा. घराच्या बागेत येणाऱ्या रॉबिन पक्ष्यांच्या पायात ते छोट्या कड्या अडकवायचे, आणि कोणता पक्षी कुठे फिरतो, कुठपर्यंतची जागा आपली मानतो याचे नकाशे काढायचे. पक्ष्यांच्या अभ्यासात हे काम आजही मानाने सांगितलं जातं.

डेनिस ११ वर्षांचे असताना पोरांच्या भांडणात एक दगड त्यांच्या चेहऱ्यावर बसला आणि उजवा डोळा कायमचा गेला. पुढे आयुष्यभर काचेचा डोळा.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गेले इंजिनियर व्हायला. मन रमेना. मग धर्मश्रद्धेच्या ओढीने त्यांनी लाइन बदलली, मेडिकलला प्रवेश घेतला आणि १९३५ मध्ये डॉक्टर झाले. १९३८ मध्ये एडिनबरोची सर्जरीची मोठी परीक्षाही पास झाले. आफ्रिकेत काम करायचं ठरवून अर्ज केला, तर एका डोळ्याचा सर्जन नको म्हणून नकार आला.

पण दुसरं महायुद्ध पेटलं आणि लष्कराला डॉक्टर कमी पडायला लागले. बर्किट आर्मीच्या मेडिकल कोअरमध्ये भरती झाले आणि त्यांची पूर्व आफ्रिकेत पोस्टिंग झाली. आफ्रिका त्यांना आवडली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते सरकारी सर्जन म्हणून युगांडात परत आले.

पहिला धडा हत्तीरोगाने दिला

सुरुवातीला त्यांना लिरा नावाच्या दूरच्या गावात टाकलं होतं. मोठा इलाखा आणि सर्जन एकटेच. तिथे हायड्रोसीलचे, म्हणजे अंडकोषात पाणी भरण्याचे पेशंट खूप यायचे. दुसरा कोणी असता तर ऑपरेशन करून मोकळा झाला असता. बर्किटनी मात्र प्रत्येकाचं गाव विचारलं. तेव्हा लक्षात आलं की जिल्ह्याच्या पूर्व भागात हा त्रास भरपूर आहे आणि पश्चिमेला अगदी तुरळक. यामागे होता डासांमुळे पसरणारा हत्तीरोगाचा जंतू.

आजार कोणाला झाला यासोबत तो कुठे झाला आणि कुठे झाला नाही, हेही विचारायचं असतं. बर्किट यांची ही सवय इथूनच पक्की झाली. १९४८ मध्ये ते कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये आले.

चार बाजूंनी सुजलेला जबडा

१९५७ साल. मुलागोमधले डॉक्टर ह्यू ट्रोवेल यांनी बर्किटना एक पेशंट बघायला बोलावलं. साधारण ५ वर्षांचा मुलगा. त्याचा जबडा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, चारही बाजूंनी सुजला होता. इन्फेक्शन म्हणावं तर ते एकदम चार ठिकाणी कसं होईल? आणि कॅन्सर तर सहसा एका जागी सुरू होतो. बर्किटना काही उलगडेना. त्यांनी फोटो काढून ठेवले.

काही आठवड्यांनी ते कंपालापासून ८० किलोमीटरवरच्या जिंजा गावच्या हॉस्पिटलमध्ये राउंडला गेले होते. खिडकीतून सहज बाहेर बघितलं तर हिरवळीवर आईसोबत एक मुलगी बसलेली. तिचाही चेहरा तसाच सुजलेला. राउंड सोडून ते बाहेर धावले. तपासलं तर तिच्या पोटातही गाठी होत्या.

एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो. दुसऱ्यांदा दिसल्यावर त्यांनी हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी उपसायला घेतल्या. जबड्यात, पोटात, किडनीजवळ, वेगवेगळ्या जागी गाठी झालेली बरीच मुलं त्यात सापडली. प्रत्येक गाठीला वेगळं नाव दिलेलं होतं, पण बर्किटना वाटलं की हा सगळा एकच आजार आहे. १९५८ मध्ये त्यांनी सर्जरीच्या एका ब्रिटिश जर्नलमध्ये हे मांडलं. पुढे पॅथॉलॉजिस्ट लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं की हा लिम्फोमा आहे, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. आज त्याला बर्किट लिम्फोमा म्हणतात.

२५ पाउंड आणि सेकंडहँड फोर्ड

पुढचा प्रश्न तोच जुना. हा आजार कुठे आहे आणि कुठे नाही?

संशोधनासाठी त्यांना सरकारकडून मिळाले फक्त २५ पाउंड. त्यातून त्यांनी आजारी मुलांचे फोटो असलेली पत्रकं छापली आणि आफ्रिकाभरच्या सरकारी आणि मिशनच्या हॉस्पिटलांना पाठवली. असे पेशंट तुमच्याकडे येतात का, एवढंच विचारलं. उत्तरं येत गेली तशी नकाशावर टाचण्या लागत गेल्या. आफ्रिकेच्या मधोमध विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एक पट्टा तयार झाला. पूर्वेकडे त्याचं शेपूट दक्षिणेला उतरत होतं.

पट्टा एवढ्या ठिकाणीच का थांबतो, हे बघायला ते स्वतः निघाले. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये २५० पाउंडांना घेतलेली जुनी फोर्ड गाडी, सोबत टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे दोन मिशनरी डॉक्टर. १० आठवडे, १० हजार मैल, म्हणजे १६ हजार किलोमीटर. वाटेतली पन्नासाहून जास्त हॉस्पिटलं त्यांनी पालथी घातली.

उंचावरच्या थंड भागात हा कॅन्सर नव्हता. कोरड्या भागातही नव्हता. जिथे उष्णता आणि पाऊस दोन्ही होतं, तिथे तो होता. हा नकाशा डासांमुळे पसरणाऱ्या आजारांच्या नकाशाशी जुळत होता. त्यामुळे पहिला अंदाज असा बांधला गेला की डास एखादा विषाणू पसरवतात आणि त्यातून कॅन्सर होतो.

हा अंदाज अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक. ते कसं, हे पुढे येईलच.

धुक्याने अडवलेलं विमान

या प्रवासाच्या काही महिने आधी, २२ मार्च १९६१ ला, बर्किट लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये बोलायला गेले होते. श्रोत्यांमध्ये अँथनी एपस्टीन नावाचे तरुण संशोधक होते. कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर त्यांचं काम चालू होतं. माणसातही असा विषाणू असणार, असं त्यांना वाटायचं. बर्किटचं भाषण ऐकून त्यांनी आपलं सगळं लक्ष याच गाठींकडे वळवलं.

मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला जायला लागले. दोन वर्षं उलटली तरी काही सापडेना. डिसेंबर १९६३ मध्ये लंडनला दाट धुकं पडलं आणि नमुना घेऊन येणारं विमान मँचेस्टरला वळवलं गेलं. नमुना उशिरा पोचला तेव्हा त्यातलं द्रावण गढूळ झालं होतं. खराब झाला म्हणून तो फेकलाच गेला असता. पण एपस्टीननी आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. तो गढूळपणा होता गाठीतून सुट्या होऊन तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा. सहकारी इव्होन बार यांच्यासोबत त्यांनी त्या पेशी वाढवल्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांत विषाणू दिसला. त्या टीममध्ये बर्ट अचाँग हेही होते.

माणसाच्या कॅन्सरशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू. एपस्टीन आणि बार यांच्या नावावरून तो एपस्टीन-बार झाला.

विषाणू एक, पण आजार वेगवेगळे

पुढचं काम अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या जोडप्याने केलं. त्यांनी लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधल्या, तर त्या अमेरिकेतल्या धडधाकट लोकांतही सापडल्या. म्हणजे विषाणू जगभर होता. आज जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो आहे. तो डासातून येत नाही, लाळेतून येतो. आपल्याकडे बहुतेक मुलांना तो लहानपणीच गाठतो आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. कदाचित हे वाचताना तुमच्याही शरीरात तो झोपलेला असेल.

हेन्लेंच्या लॅबमध्ये एक टेक्निशियन होती. तिच्या रक्तात या अँटिबॉडी नव्हत्या, त्यामुळे तुलनेसाठी तिचं रक्त वापरलं जायचं. ती ताप, घसा आणि मानेच्या गाठींनी आजारी पडली आणि त्यानंतर तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. १९६८ मध्ये हेन्ले यांनी दाखवून दिलं की पाश्चात्त्य देशांतल्या तरुणांना होणारा ग्रंथिज्वर याच विषाणूमुळे होतो.

आता डासांचं कोडं. विषाणू सगळीकडे असेल तर कॅन्सर फक्त त्या पट्ट्यात का? उत्तर मिळालं मलेरियात. ईबीव्ही आपल्या बी पेशींमध्ये घर करतो आणि त्यांना भराभर वाढायला लावतो. दुसऱ्या प्रकारच्या टी पेशी त्याच्यावर पोलिसासारखी नजर ठेवतात. लहान मुलाला वारंवार मलेरिया झाला की बी पेशींची वाढ सतत चाळवली जाते आणि टी पेशींचा पहारा ढिला पडतो. डास विषाणू आणत नव्हते, डास मलेरिया आणत होते.

बर्किटच्या नकाशातून मिळालेला हा खरा धडा. विषाणू एकटा कॅन्सर करत नाही. पहारा कुठे, कधी आणि का ढिला पडला, यावर सगळं ठरतं.

पहारा ढिला करणारी औषधं

बर्किट १९६६ मध्ये इंग्लंडला परतले. त्याच सुमारास जगभरात किडनी बदलण्याची ऑपरेशनं वाढत होती. दुसऱ्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून पेशंटला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. ही औषधं नेमकी त्या टी पेशींनाच दाबतात.

१९६० च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांना दिसायला लागलं की किडनी बदललेल्या काही पेशंटना लिम्फोमा होतोय. पुढे या गाठींतही ईबीव्ही सापडला. युगांडात जे काम मलेरिया करत होता, ते इथे गोळ्या करत होत्या. या आजाराला पीटीएलडी म्हणतात, म्हणजे पोस्ट ट्रान्सप्लांट लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर. सोप्या भाषेत, अवयव बदलल्यानंतर पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ.

१९८४ मध्ये थॉमस स्टार्झल या प्रसिद्ध सर्जनच्या टीमने सांगितलं की ही औषधं कमी केली किंवा थांबवली तर काही पेशंटच्या गाठी आपोआप विरघळतात. पोलीस कामावर परतले की गुन्हेगार आवरतो, तसंच हे.

सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशंटला धोका जास्त का?

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये एका जनुकातल्या बिघाडामुळे शरीरातला चिकट स्राव घट्ट होतो. फुप्फुसात तो साचतो, त्यात जंतू वाढतात आणि वर्षानुवर्षांच्या इन्फेक्शनने फुप्फुस निकामी होतं. १९८० च्या दशकापासून अशा पेशंटची फुप्फुसं बदलायला सुरुवात झाली. यांची दोन्ही फुप्फुसं बदलावी लागतात, नाहीतर जुन्यातलं इन्फेक्शन नव्यात जाईल.

आता बर्किटसारखेच प्रश्न विचारू.

कोणाला? ज्याला आधी ईबीव्ही झालेला नाही त्याला धोका अनेक पटींनी जास्त. ज्याला आधी होऊन गेलाय, त्याच्या टी पेशींना हा चोर ओळखीचा असतो. औषधांनी त्या दबल्या तरी ओळख शिल्लक राहते. पण निगेटिव्ह पेशंटला अवयव देणारा माणूस बहुतेक वेळा पॉझिटिव्ह असतो. म्हणजे विषाणू नव्या फुप्फुसासोबतच शरीरात येतो, आणि नेमका तेव्हाच पहारा सगळ्यात ढिला असतो.

कोणत्या वयात? मुलं आणि तरुणांमध्ये निगेटिव्ह असण्याची शक्यता जास्त. सिगारेटमुळे किंवा इतर आजारांनी फुप्फुस गेलेले पेशंट बहुतेक पन्नाशी-साठीचे असतात. सिस्टिक फायब्रोसिसचे पेशंट मात्र कोवळ्या वयात ऑपरेशनच्या टेबलावर येतात. काही अभ्यासांत हा आजार स्वतःच एक धोका म्हणून दिसला. पण त्यातला बराच वाटा कमी वय आणि निगेटिव्ह रिपोर्टचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

कोणता अवयव? किडनीपेक्षा फुप्फुसात धोका जास्त, आणि आतड्यात सर्वाधिक. फुप्फुसात पांढऱ्या पेशींचा मोठा साठा असतो आणि तो देणाऱ्या माणसाकडून जसाच्या तसा येतो. शिवाय फुप्फुस प्रत्येक श्वासाला बाहेरच्या हवेशी भिडतं. ते नाकारलं जाण्याची भीती मोठी, म्हणून औषधांचा डोसही जड.

कोणती औषधं? टी पेशींवर थेट हल्ला करणारी औषधं जास्त वापरली, तर धोका वाढतो.

कधी? पहिलं वर्ष सगळ्यात जोखमीचं. तेव्हा गाठ अनेकदा नव्या फुप्फुसातच दिसते. पुढच्या वर्षांत होणाऱ्या पीटीएलडीची तऱ्हा वेगळी. ती पोटात किंवा इतरत्र उगवू शकते, आणि तिच्यात दर वेळी ईबीव्ही असतोच असं नाही.

मग निगेटिव्ह पेशंटने ऑपरेशन करायचंच नाही का?

असं अजिबात नाही. फुप्फुस निकामी झालेल्या माणसाला ऑपरेशन टाळणं जास्त महागात पडतं. आणि फुप्फुस बदललेल्या बहुतेकांना पीटीएलडी होत नाही.

पण रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर ऑपरेशननंतर रक्तातल्या विषाणूचं प्रमाण पुन्हा पुन्हा मोजलं जातं. ते चढायला लागलं की डॉक्टर औषधं जपून कमी करू शकतात. इथेच खरी कसरत आहे. औषध कमी केलं तर फुप्फुस नाकारलं जाऊ शकतं, आणि तेवढंच ठेवलं तर कॅन्सरला वाट मिळते. म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करणं जिवावर बेतू शकतं.

न उतरणारा ताप, घटणारं वजन, मानेत किंवा काखेत गाठ, पोटदुखी, एक्स-रेमध्ये नवा डाग, यातलं काहीही दिसलं तरी ट्रान्सप्लांट टीमला लगेच कळवायचं. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. उपचारांत औषधांचा डोस कमी करणं, बी पेशींवर नेम धरणारं रिटक्सिमॅब आणि गरज पडली तर केमोथेरपी. ईबीव्हीला ओळखणाऱ्या टी पेशी बाहेरून देण्याच्या एका उपचाराला युरोपने २०२२ मध्ये मंजुरी दिली. ईबीव्हीची लस मात्र अजून बाजारात नाही.

दिलासा देणारी आणखी एक गोष्ट. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुळावरच काम करणारं तीन औषधांचं कॉम्बिनेशन अमेरिकेत २०१९ मध्ये आलं. तेव्हापासून ते मिळतं अशा देशांत या पेशंटना फुप्फुस बदलायची गरजच खूप कमी झालीय. पण ते प्रत्येकाच्या जनुकातल्या बिघाडाला लागू पडत नाही.

सर्जनचं दुसरं आयुष्य

बर्किटचं पुढे काय झालं? इंग्लंडला परतल्यावरही त्यांनी आपला जुना प्रश्न सोडला नाही. आफ्रिकेतल्या गावांत बद्धकोष्ठता, मूळव्याध, मोठ्या आतड्याचा कॅन्सर इतका कमी का आणि युरोपात इतका जास्त का, हे ते शोधत बसले. उत्तर त्यांना ताटात दिसलं. कोंडा काढलेलं पीठ खाऊ नका, जेवणात फायबर ठेवा, हे त्यांनी जगभर फिरून सांगितलं. १९७९ मध्ये त्यांचं याच विषयावरचं पुस्तक आलं आणि लोक त्यांना फायबरवाला डॉक्टर म्हणून ओळखायला लागले. त्याआधी १९७२ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला होता. कमी पैशांत, साध्या औषधांनी बर्किट लिम्फोमाची मुलं बरी होऊ शकतात हे दाखवून देणाऱ्यांत ते होते, म्हणून.

२३ मार्च १९९३ ला इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. वय ८२.

एपस्टीन-बार विषाणूच्या नावात बर्किट नाहीत. पीटीएलडीवर त्यांनी कधी काम केलं नाही. पण आज एखाद्या विशीतल्या पेशंटला नवं फुप्फुस बसवण्याआधी डॉक्टर विचारतात, वय किती, ईबीव्ही झालाय का, औषधं कोणती द्यायची, पहिल्या वर्षात किती वेळा तपासायचं. आजार कोणाला होतो, कुठे होतो आणि कधी होतो, हेच बर्किटनी पत्रकं पाठवून विचारलं होतं. या प्रश्नांची उत्तरं वेळेत मिळाली, तर ती गाठ लहान असतानाच सापडते.